पाळी, प्रूफं आणि पंचवीस तारीख : एक प्रकरण अभ्यास

पहिल्या भेटीत तिने पिशवीतून पाच बाटल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियम, बी कॉम्प्लेक्सची एक 'नसांची' गोळी, 'खास स्त्रियांसाठी' असं लिहिलेलं मल्टिव्हिटॅमिन आणि शिवाय बी-६च्या वेगळ्या गोळ्या. तेलाच्या बाटलीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मॅडम, पाळीआधीच्या त्रासातून गेल्या वर्षी हिनेच मला बरं केलं होतं. आत्ताही हीच घेतेय, पण फेब्रुवारीपासून काही म्हणजे काही उपयोग नाही. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलंय खरं, पण मला एवढंच विचारायचंय की डोस वाढवू का?"

मी समुपदेशक आहे, डोस सांगणं माझं काम नाही. पण 'गेल्या वर्षी लागू पडलं आणि आता पडत नाही' हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. या प्रकरणाचं सगळं कोडं त्या वाक्यातच होतं, हे कळायला तीन महिने गेले. (तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ३६. एका मासिकात मुद्रितशोधनाचं काम. नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. पाळी नियमित, २६ ते २८ दिवसांनी येणारी. पाळीच्या आधीच्या सहा-सात दिवसांत छाती जड होते, दुखते. पोट फुगतं, झोप तुटते, आणि मुख्य म्हणजे चिडचिड. भांडं जोरात आपटण्यापासून मुलीवर ओरडण्यापर्यंत, आणि मग रात्री बाथरूममध्ये रडणं. पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं आणि उरते ती माफी मागण्याची यादी. "महिन्यातला एक आठवडा मी घर मोडते आणि तीन आठवडे ते चिकटवत बसते," असं तिने सांगितलं.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतलं होतं, ते बरं केलं. या दोन्हींतला बिघाड थकवा आणि उदासीचा वेष घेऊन येतो. त्याआधी तिने स्वतःच्या हौसेने तीनदा हार्मोनच्या तपासण्या करवल्या होत्या. तिन्ही रिपोर्ट नॉर्मल. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मीच नॉर्मल नाही, असंच ना?" हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

पाळीपूर्व त्रासात हार्मोनची पातळी बहुधा बिघडलेली नसतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९९८मध्ये एक फार सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. असा त्रास असलेल्या स्त्रियांच्या बीजकोशांचं हार्मोन-काम त्यांनी औषधाने तात्पुरतं थांबवलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणींचा त्रास थांबला. ज्यांना असा आराम पडला त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिल्यावर त्रास परतला. त्रास नसलेल्या स्त्रियांना हेच सगळं करून पाहिलं, तर त्यांच्या मनःस्थितीत काहीच फरक पडला नाही. हार्मोन तेच, पातळी तीच, त्यांना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद मात्र वेगळा. म्हणून रक्ताच्या रिपोर्टात हा आजार सापडत नाही. तो सापडतो तारखांमध्ये. हे ऐकून ती थोडी सैलावली. आणि मी रोजच्या नोंदींची वही पुढे केल्यावर पुन्हा आक्रसली.

"दोन महिने नुसतं लिहायचं? आणि तोवर काय करू?"

तोवर दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली म्हणजे बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायची. प्रूफं वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या गोळ्यांची लेबलं वाचली नव्हती. पाचपैकी तीन बाटल्यांत बी-६ होतं आणि बेरीज रोजच्या १०० मिलिग्रॅमच्या पुढे जात होती. बी-६चा पाळीपूर्व त्रासात थोडा उपयोग होत असावा असं १९९९च्या एका आढावा-लेखाने म्हटलं होतं, पण त्यातले मूळ अभ्यास कच्चे आहेत हेही त्यातच लिहिलं होतं. उलट हे जीवनसत्त्व जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, हे पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये ती १२वर आणली. 'नसांची' गोळी नसांना बाधू शकते, हे ऐकून ती हसली आणि मग गंभीर झाली. डॉक्टरांशी बोलून पाचही बाटल्या बंद केल्या.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकीला विचारते. त्या दिवसांत जगणं नको, असं कधी वाटतं का? तिचं उत्तर 'नाही' होतं. 'हो' असतं, तर वहीबिही बाजूला ठेवून मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. पाळीपूर्व त्रासाचं तीव्र रूप, ज्याला पीएमडीडी म्हणतात, २०१३पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून आहे. तिथे फक्त नैसर्गिक उपायांवर वेळ काढणं योग्य नाही.

वही साधी होती. सहा रकाने : चिडचिड, रडू किंवा उदासी, झोप, छाती, पोट, आणि 'यामुळे आज काही बिघडलं का'. रोज रात्री प्रत्येकाला १ ते ६ गुण. १ म्हणजे मुळीच नाही, ६ म्हणजे कळस. म्हणजे बेरीज कमीत कमी ६, जास्तीत जास्त ३६. दुसऱ्या दिवशी आठवून भरायचं नाही, राहिलं तर राहू द्यायचं. आठवणीवर माझा विश्वास नाही, आणि निदानाच्या निकषांचाही नाही. निदान करायला कमीत कमी दोन आवर्तनांची (पाळी ते पाळी) रोजच्या रोज केलेली नोंद लागते. मी सातवा रकाना जोडला, 'आज काम किती होतं'. तेव्हा त्यामागे काही मोठा विचार होता असं म्हणणार नाही. तिच्या बोलण्यात 'पंचवीस तारीख' सारखी येत होती, एवढंच. पंचवीसला अंक छापायला जायचा. वीस ते पंचवीस हे तिचे रात्री उशिरापर्यंत जागायचे दिवस.

नोंद २८ मार्चच्या पाळीपासून सुरू झाली. पुढची पाळी २४ एप्रिलला. तिच्या आधीच्या आठवड्याची सरासरी २६, आणि पाळीनंतरच्या मोकळ्या दिवसांत ८ ते ९. अगदी पुस्तकातलं चित्र. मेमध्ये पाळी २१ला आली. आधीच्या आठवड्याची सरासरी २०, म्हणजे बरीच कमी, आणि उपाय तर अजून एकही केला नव्हता. पण पाळी आल्यावर जे उतरायला हवं होतं ते उतरेना. चिडचिड आणि झोप पंचवीसपर्यंत ४वर अडकून बसले, छाती-पोट मात्र वेळेवर शांत झालं. सहापैकी चार रकाने एक गोष्ट सांगत होते आणि दोन भलतीच.

नियमाप्रमाणे दोन आवर्तनं झाली होती. मी तिसरं मागितलं. ती वैतागली, आणि तिचं वैतागणं रास्त होतं. पण जूनने उत्तर दिलं. पाळी १६ जूनला आली, आधीच्या आठवड्याची सरासरी १९. २० ते २५ जून हे पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसांत पडले, म्हणजे ज्या दिवसांत तिला काहीही व्हायला नको होतं त्या दिवसांत. त्यांची सरासरी १४ होती. छाती १, पोट १. चिडचिड आणि झोप मात्र ४ आणि ४. हे पाळीपूर्व नव्हतं. हे अंक लागण्याच्या आठवड्याचं होतं, आणि एप्रिलमध्ये दोन्ही एकमेकांवर बसले होते.

मग कागद-पेन्सिल घेऊन आम्ही हिशेब मांडला. तिचं आवर्तन साधारण २७ दिवसांचं, महिना ३० किंवा ३१चा. म्हणजे पाळी दर महिन्याला सुमारे साडेतीन दिवस मागे सरकते. पाळीपूर्व आठवडा आणि अंकाचा आठवडा एकमेकांवर येतात, दोन-तीन महिने तसे राहतात, मग सुटे होतात. साधारण आठ महिन्यांनी पुन्हा गाठ पडते. तिच्या फोनमध्ये गेल्या वर्षीच्या पाळीच्या तारखा होत्या : १ जुलै, २८ जुलै, २४ ऑगस्ट, २० सप्टेंबर. जूनअखेर, जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन्ही आठवडे एकमेकांत अडकलेले, सप्टेंबरमध्ये सुटलेले.

"तेलाच्या कॅप्सूल कधी सुरू केल्या होत्या?" मी विचारलं.

बराच वेळ ती तारखांकडे बघत राहिली. "ऑगस्टच्या शेवटी."

सप्टेंबरची पाळी हलकी गेली आणि श्रेय बाटलीला मिळालं. फेब्रुवारीत गाठ पुन्हा पडली आणि बाटली 'लागू पडेनाशी' झाली. बाटली दोन्ही वेळा तेच करत होती, म्हणजे फारसं काहीच नाही. इव्हिनिंग प्रिमरोज तेलाची पाळीपूर्व त्रासासाठी नीट चाचणी झाली तेव्हा ते औषध नसलेल्या, खोट्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरलेलं नाही. पण एकट्या बाईला हे घरबसल्या कसं कळणार? आपण उपाय सुरू करतो तेच मुळी सर्वात वाईट महिन्यानंतर, आणि सर्वात वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा बरा असतो. नैसर्गिक उपायांची निम्मी कीर्ती अशीच झालेली आहे, असं माझं मत आहे. औषधांचीही थोडीफार.

डॉक्टरांनी तीन महिन्यांची वही पाहिली आणि मध्यम तीव्रतेचा पाळीपूर्व त्रास, पीएमडीडी नाही, असं निदान नोंदवलं. कारण अंकाचा आठवडा वजा केला तरी १८-१९ उरत होतेच. ते खरं होतं आणि त्यावर काम करायचं होतं.

पहिला बदल अंकाच्या आठवड्यात. त्या आठवड्यात तिची झोप पाच तासांवर यायची. उठायची वेळ पक्की केली, दुपारनंतरची कॉफी बंद केली. कॉफी सोडली की पाळीपूर्व त्रास कमी होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत (२०१६) कॅफिनचा आणि या त्रासाचा संबंध दिसला नाही. आमचं कारण वेगळं होतं. कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, आणि तिला अकराला झोपायचं होतं. कामाच्या ठिकाणी तिने एकच गोष्ट मागितली, लेख येतील तसे वाचायला मिळावेत, सगळे वीस तारखेला एकदम नकोत. जुलैच्या अंकाच्या आठवड्याची सरासरी १४वरून १०वर आली. इथे कुठलीही गोळी नव्हती.

एक गंमत या निमित्ताने कळली. पाळीच्या आधी आपल्या हातून चुका जास्त सुटतात, अशी तिची ठाम समजूत होती. दुसऱ्या प्रुफावर सापडलेल्या सुटलेल्या चुका तिने चार महिन्यांच्या मोजल्या. पाळीशी त्यांचा काही मेळ बसेना. रात्री अकरानंतर वाचलेल्या पानांशी मात्र चोख बसला.

दुसरा बदल कॅल्शियम. नैसर्गिक म्हणवणाऱ्या उपायांत ज्याच्यामागे बऱ्यापैकी मोठी चाचणी आहे, असा हा एक. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत साडेचारशेहून जास्त स्त्रिया होत्या. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या आवर्तनापर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला. खोटी गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला! हे दोन्ही आकडे मी तिला सांगितले. नुसता पहिला सांगणं ही जाहिरात झाली असती. डॉक्टरांनी मूतखड्याचा इतिहास विचारला, तो नव्हता. थायरॉइडची गोळी किंवा लोह चालू असतं तर कॅल्शियमपासून काही तासांचं अंतर ठेवावं लागलं असतं, तेही नव्हतं. कॅल्शियम एकदम घेतलेलं नीट शोषलं जात नाही म्हणून दोनदा विभागून, जेवणासोबत, १३ जुलैपासून. निकाल ऑक्टोबरआधी विचारायचा नाही असं ठरलं.

आणि इथे शिस्त मोडली. ऑगस्टच्या मध्याला तिने रोज चाळीस मिनिटं भरभर चालायला सुरुवात केली. मी एका वेळी एकच बदल म्हटलं होतं. पण चालायला लागलेल्या माणसाला थांबा असं सांगायचा धीर मला झाला नाही. पाळीपूर्व आठवड्याची सरासरी जुलैत १८, ऑगस्टमध्ये १७, सप्टेंबरच्या सुरुवातीला १५, ऑक्टोबरच्या सुरुवातीला १३. यात कॅल्शियमचा वाटा किती, चालण्याचा किती, आणि कुणीतरी रोज विचारपूस करतंय याचा किती, हे या वहीतून वेगळं काढता येत नाही. संशोधन म्हणून हे वाया गेलं. तिची काही तक्रार नव्हती.

पोट फुगण्याबद्दल थोडक्यात. ती त्या आठवड्यात पाणी कमी प्यायची, 'अंगात पाणी साठतं' म्हणून. वर्षभर नोंदी ठेवलेल्या एका अभ्यासात पाणी साठल्याची भावना सर्वात जास्त रक्तस्रावाच्या पहिल्या दिवशी दिसली होती, तिच्याही वहीत तसंच निघालं. पाणी तोडल्याने फक्त डोकं दुखत होतं. पाणी पूर्ववत केलं. छातीचं दुखणं मात्र फार कमी झालं नाही. नीट मापाची, आधार देणारी ब्रा आणि लागेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, यावर ते निभावतं. व्हायटेक्स या वनस्पतीच्या अर्काबद्दल तिने विचारलं होतं. २००१च्या एका जर्मन चाचणीत १७० स्त्रियांमध्ये त्याचा निकाल चांगला होता. पण तोही हार्मोनच्या यंत्रणेत हात घालतो आणि गर्भारपणात किंवा हार्मोनच्या गोळ्यांसोबत चालत नाही. झाडापासून आलंय म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. १३वर आलेलं असताना आणखी बाटली नको, असं तिनेच ठरवलं.

आता भांडणं. माझ्या मते या प्रकरणात सर्वात जास्त काम इथे झालं, आणि ते आकड्यांत नीट उतरलेलं नाही. तिचं म्हणणं, "त्या दिवसांत मी मी नसते." नवऱ्याचं म्हणणं, "तुझे ते दिवस आले वाटतं." दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच. त्या दिवसांत ती जे बोलते ते खोटं ठरतं. मग पाळी येते, ती माफी मागते, आणि माफीबरोबर तक्रारही परत घेते. पुढच्या महिन्यात तीच तक्रार आणखी मोठ्या आवाजात येते.

आम्ही वहीच्या मागच्या पानांवर तक्रारवही सुरू केली. पाळीपूर्व आठवड्यात राग आला की लिहायचं, निर्णय घ्यायचा नाही. पाळीच्या सातव्या दिवशी वाचायचं. जे फोल वाटेल ते खोडायचं, उरेल ते आठव्या दिवशी शांतपणे बोलायचं. तीन आवर्तनांत अकरा तक्रारी झाल्या. सात तिनेच खोडल्या, त्यातल्या एका शेजारी 'अगंबाई' असं लिहून. चार उरल्या. मुलीची सकाळची शाळेची तयारी रोज एकटीनेच का करायची, ही त्यांतली पहिली. ही तक्रार आठव्या दिवशीही तितकीच खरी होती. हार्मोनने ती निर्माण केली नव्हती, फक्त गिळून टाकायची ताकद काढून घेतली होती.

नवरा ऑगस्टमध्ये एकदा भेटायला आला. माणूस भला. म्हणाला, "ती वही मलाही दाखवायला सांगा ना तिला. म्हणजे कधी गप्प बसायचं ते मला कळेल." मी नाही म्हटलं. वही दोघांची झाली असती तर आठवडाभरात वहीचंच हत्यार झालं असतं. त्याऐवजी, आठव्या दिवशी ती जे बोलेल ते तारीख न विचारता ऐकायचं, एवढंच कबूल करून घेतलं. सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस सकाळची तयारी त्याच्याकडे आहे. वेणी वाकडी असते, असं मुलीचं म्हणणं.

विचार आणि वागणुकीवरच्या अशा कामाला संशोधनाचा आधार आहे. २००२च्या एका ब्रिटिश चाचणीत हे समुपदेशन आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सहा महिन्यांनी बरोबरीत निघाले. औषधाचा गुण आधी आला, समुपदेशनाचा नंतर जास्त टिकला. म्हणून औषधाचा दरवाजा आम्ही बंद केलेला नाही. सरासरी लागोपाठ दोन आवर्तनं २२च्या वर गेली, किंवा मी पहिल्या भेटीत विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं, तर डॉक्टरांकडे जायचं हे लिहून ठेवलं आहे. या त्रासात ती औषधं लवकर लागू पडतात आणि काही जणींना आवर्तनातले शेवटचे दोन आठवडेच घेऊन पुरतात. हे आधी कळल्यावर तिला त्यांची भीती कमी वाटली.

हिशेबाप्रमाणे पुढची गाठ नोव्हेंबरमध्ये होती. पाळी २६ नोव्हेंबरला आली, म्हणजे १९ ते २५ हा आठवडा जवळजवळ पूर्णपणे दोन्हींचा. तिने आधीच प्रूफं पसरून घेतली होती आणि त्या आठवड्यात पाहुणे नकोत असं घरी सांगितलं होतं. सरासरी १७ आली. एप्रिलमध्ये असाच आठवडा २६चा होता. बावीस तारखेचं पान मात्र २५चं आहे, आणि त्यापुढे एकच ओळ : 'लेखकाने शेवटच्या क्षणी चार परिच्छेद बदलले. हे हार्मोन नव्हेत.'

डिसेंबरमध्ये तिने रोजची नोंद थांबवली, फक्त तारखा आणि तक्रारवही चालू ठेवली आहे. पुढची गाठ जुलैत पडेल. आवर्तन एखाद-दोन दिवस इकडेतिकडे झालं तर थोडी आधी किंवा नंतर. नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेत त्या आठवड्यावर तिने पेन्सिलने प्रूफातली खूण केली आहे, 'इथे जागा सोडा' अशी.